एकच गाडी, तीन वेग!
ओपनसीव्हीमधून व्हिडिओ चालवताना

व्हिडिओ फाइल कशी चालवायची हे होस्टेलवर कुणाला शिकवायला लागत नाही. डबल क्लिक केलं, प्लेअर उघडला, पाय पसरून बसलं, झालं! पण तीच फाइल स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅममधून चालवायची वेळ आली की गंमत सुरू होते. खिडकी उघडते, पण आतून करडीच राहते. चित्र दिसलंच तर गाड्या बैलगाडीसारख्या सरकतात, नाहीतर चार्ली चॅप्लिनसारख्या पळतात. आवाज तर नसतोच. फायनल इयरला इमेज प्रोसेसिंगचा प्रोजेक्ट घेणाऱ्या ग्रुपला पहिल्या आठवड्यात यातलं काही ना काही भेटतंच.

मग बहुतेक ठिकाणी काय होतं, तर सिनिअरकडून कोड आणला जातो, त्यातले दोन-चार आकडे इकडेतिकडे करून पाहिले जातात आणि खिडकीत काहीतरी हललं की "चाललं बुवा!" म्हणून पुढचं काम सुरू होतं. पण व्हिडिओ दिसणं वेगळं आणि बरोबर चालणं वेगळं. हा फरक किती महागात पडू शकतो ते बघण्यासाठी एक उदाहरण घेऊ आणि लेखभर तेच धरून ठेवू.

समजा, कॉलेजच्या गेटसमोरून मोठा रस्ता जातो. पलीकडे चहाची टपरी आणि झेरॉक्सचं दुकान, म्हणजे दिवसभर पोरं रस्ता ओलांडणार. गाड्या मात्र सुसाट. गतिरोधक हवा म्हणून अर्ज करायचा, तर नुसतं "गाड्या फार जोरात जातात" लिहून कोण ऐकणार? म्हणून एका ग्रुपने गच्चीवरून रस्त्याचं शूटिंग करायचं ठरवलं. रस्त्यावर एकमेकींपासून १० मीटर अंतरावर दोन खुणा आहेत. गाडी पहिल्या खुणेपासून दुसरीपर्यंत किती वेळात गेली हे प्रोग्रॅमने मोजायचं आणि वेग सांगायचा. गणित आठवीतलं आहे. खरी गोम आहे ती 'वेळ' या शब्दात.

ओपनसीव्ही म्हणजे काय?

ओपनसीव्ही ही कॉम्प्युटर व्हिजनची, म्हणजे संगणकाला चित्रातलं काही 'समजावं' यासाठी लागणाऱ्या फंक्शन्सची लायब्ररी. गॅरी ब्रॅडस्की यांनी इंटेलमध्ये १९९९ साली या कामाची सुरुवात केली. २००६ साली १.० ही आवृत्ती आली, २००९ साली २.० आणि २०१८ साली ४.०. लायब्ररी फुकट आहे, तिचा सोर्स कोड खुला आहे आणि ती सी प्लस प्लस व पायथॉन दोन्हींतून वापरता येते.

इथे एक इशारा. सिनिअरकडून मिळालेला कोड किंवा २००८ साली आलेलं ब्रॅडस्की आणि केलर यांचं 'लर्निंग ओपनसीव्ही' हे पुस्तक जुन्या सी पद्धतीचं आहे. त्यातली बरीच फंक्शन्स ४.० पासून काढून टाकलेली आहेत. पुस्तकातला विचार आजही पक्का आहे, पण कोड जसाच्या तसा टाइप केला तर कंपायलर शंख करणार. तेव्हा विचार पुस्तकातून घ्यावा आणि फंक्शनची नावं आपल्याकडच्या आवृत्तीतली वापरावीत.

फाइलमध्ये असतं काय?

व्हिडिओ म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रं. प्रत्येक चित्राला म्हणायचं फ्रेम. सेकंदाला २५ फ्रेम्स दाखवल्या, तर एक फ्रेम पडद्यावर ४० मिलिसेकंद राहते. डोळ्याला त्यात सलग हालचाल दिसते.

आता या फ्रेम्स जशाच्या तशा साठवल्या तर? ६४० बाय ४८० चं साधं चित्र घ्या. प्रत्येक बिंदूला तीन बाइट्स धरले तर एक फ्रेम होते ९,२१,६०० बाइट्सची. सेकंदाला २५ म्हणजे सुमारे २३ एमबी. पूर्वीच्या ७०० एमबीच्या सीडीवर अशी फिल्म जेमतेम अर्धा मिनिट मावली असती! टायटल संपायच्या आत सीडी खलास.

म्हणून कॉम्प्रेशन आलं. ज्या पद्धतीने चित्रं दाबून बसवली जातात आणि पुन्हा उलगडली जातात तिला कोडेक म्हणतात. एच.२६४ हा त्यातला सगळ्यात ओळखीचा, २००३ सालचा. एव्हीआय, एमपी४ हे मात्र कोडेक नव्हेत. ते डबे आहेत. मेसचा डबा स्टीलचा आहे की प्लास्टिकचा यावरून आत वांगं आहे की बटाटा ते कळत नाही, तसंच हे. म्हणूनच "काल एक एव्हीआय चालली, आज दुसरी का नाही?" या प्रश्नात मुळात चमत्कारिक काही नाही. डबा तोच, भाजी वेगळी.

भाजी ओळखण्याचं काम ओपनसीव्ही स्वतः करत नाही. ते काम पाठीमागे दुसरं कुणीतरी करतं. बहुतेक वेळा एफएफएमपेग, जे फॅब्रिस बेलार्ड यांनी २००० साली सुरू केलं, नाहीतर ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची सोय किंवा जीस्ट्रीमर. विंडोजवर सी प्लस प्लसमधून काम करताना एफएफएमपेगची डीएलएल फाइल प्रोग्रॅमला सापडली नाही, तर कोड शंभर टक्के बरोबर असूनही व्हिडिओ उघडत नाही. लॅबमधल्या एका मशीनवर चालतं आणि शेजारच्या मशीनवर चालत नाही, याचं एक नेहमीचं कारण हेच.

प्रोग्रॅमचा सांगाडा

हे मराठी विभागाचं पान असल्यामुळे फंक्शन्सची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतो. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरायची! पायऱ्या अशा:

१. व्हिडिओकॅप्चरला फाइलचं नाव देऊन फाइल उघडा.
२. इझओपन्डला विचारा, फाइल खरंच उघडली का? नसेल तर तसा संदेश छापून तिथेच थांबा.
३. रीडने पुढची फ्रेम मागा. मिळाली नाही तर लूपमधून बाहेर पडा.
४. इमशोने ती फ्रेम खिडकीत दाखवा.
५. वेटकीने थोडं थांबा. ठरलेली की दाबली गेली असेल तर बाहेर पडा, नाहीतर पुन्हा पायरी ३.
६. शेवटी रिलीजने फाइल सोडा आणि खिडक्या बंद करा.

बस्स, एवढंच! दहा-बारा ओळींचं काम. पण यातली प्रत्येक पायरी व्हायवाचा एकेक प्रश्न आहे.

पायरी २ बरेच जण गाळतात. फाइल उघडली नाही तर ओपनसीव्ही सहसा आरडाओरडा करत नाही, गप्प बसते. मग रीडला फ्रेम मिळत नाही, तेही आपण तपासत नाही आणि रिकामी फ्रेम इमशोच्या हातात जाते. तो बिचारा चित्राची रुंदी आणि उंची शून्यापेक्षा जास्त हवी अशी तक्रार करून प्रोग्रॅम बंद पाडतो. एरर दिसते इमशोच्या ओळीवर, दुखणं मात्र तीन ओळी वर असतं. पोटात दुखतंय आणि बाम डोक्याला, अशातला प्रकार!

फाइल न उघडण्याची कारणं साधी असतात. एक तर पाथ. विंडोजवर पाथमध्ये बॅकस्लॅश येतो. सी प्लस प्लस आणि पायथॉन दोन्हींमध्ये बॅकस्लॅशनंतर एन आला तर 'नवी ओळ' आणि टी आला तर 'टॅब' असा अर्थ होतो. म्हणजे तुमच्या फोल्डरचं नाव 'न्यू' किंवा 'टेस्ट' असेल तर पाथचे दोन तुकडे झालेच म्हणून समजा. उपाय सोपा आहे. साधा, पुढे झुकलेला स्लॅश वापरा किंवा बॅकस्लॅश दोनदा लिहा. दुसरं कारण, प्रोग्रॅम ज्या फोल्डरमधून चालतोय तिथे फाइल नसणं. तिसरं, वर सांगितलेला कोडेकचा घोळ. तपासायचं याच क्रमाने. आधी पूर्ण पाथ देऊन बघा, मग तीच फाइल व्हीएलसीमध्ये चालते का बघा आणि मगच ओपनसीव्हीला नावं ठेवा.

खिडकी करडी का राहते?

इमशो फक्त सांगतं की "हे चित्र दाखवायचं आहे." प्रत्यक्ष रंगवण्याचं काम खिडकी सांभाळणारी यंत्रणा करते आणि तिला त्यासाठी सवड लागते. ही सवड मिळते वेटकीमध्ये. वेटकी म्हणजे नुसतं कीबोर्डकडे बघत थांबणं नव्हे. त्या वेळातच खिडकी रंगवली जाते, माउसच्या हालचाली वगैरे बघितल्या जातात. वेटकी गाळलं तर लूप धडाधड पळतो आणि खिडकी बापडी करडी ती करडीच. वेटकीच्या जागी नेहमीचं स्लीप टाकूनही उपयोग नाही. स्लीपमध्ये प्रोग्रॅम खरंच झोपतो, रंगकाम कोण करणार?

वेटकीला १ दिलं तर तो किमान १ मिलिसेकंद थांबतो. ० दिलं तर की दाबेपर्यंत थांबतो, अगदी अनंतकाळ! त्यामुळे व्हिडिओ पहिल्याच फ्रेमवर अडला असेल तर आधी हे शून्य शोधा. उलट गाडीने खूण ओलांडली की नाही हे एकेक फ्रेम निरखून बघायचं असेल, तेव्हा हेच शून्य फार उपयोगी पडतं. की दाबा, एक फ्रेम पुढे.

आवाजाचं काय? तो विसरा. इमशो चित्र दाखवतं, गाणी वाजवत नाही. ही लायब्ररी बघण्यासाठी आहे, ऐकण्यासाठी नाही. रंगांचाही एक किस्सा आहे. ओपनसीव्ही रंग लाल-हिरवा-निळा असे न ठेवता निळा-हिरवा-लाल असे उलटे ठेवते. तीच फ्रेम मॅटप्लॉटलिबसारख्या दुसऱ्या लायब्ररीने दाखवली की माणसांचे चेहरे निळे पडतात. कुणाला काही झालेलं नसतं, फक्त क्रम उलटा करायचा असतो.

आता वेळेचा घोळ

आपल्या गच्चीवरच्या ग्रुपकडे परत येऊ. त्यांची फाइल सेकंदाला २५ फ्रेम्सची आहे. म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणून त्यांनी वेटकीला ४० दिलं. वरवर बघता बरोबर. पण फ्रेम उलगडणं, तिच्यातली गाडी शोधणं आणि चित्र दाखवणं यालाही वेळ लागतोच. तो १५ मिलिसेकंद धरा. मग लूपची एक फेरी ५५ मिलिसेकंदांची झाली. एका मिनिटाच्या फाइलमध्ये १५०० फ्रेम्स. त्या दाखवायला साडेब्याऐंशी सेकंद लागणार! शिवाय वेटकी सांगितलं तेवढंच थांबेल याची हमी नाही, तो 'किमान' तेवढा थांबतो. मशीनवर दुसरं काही चालू असेल तर आणखी जास्त.

आता एक गाडी पहिल्या खुणेपासून दुसरीपर्यंत जायला १८ फ्रेम्स घेते असं समजा.

ग्रुपमधल्या पहिल्याने फाइलचा फ्रेमदर वापरला. १८ भागिले २५ म्हणजे ०.७२ सेकंद. १० मीटर ०.७२ सेकंदात, म्हणजे ताशी ५० किलोमीटर.

दुसऱ्याने सिनिअरचा कोड उचलला. तो वेबकॅमसाठी होता आणि त्यात ३० हा आकडा आतच लिहून ठेवलेला. १८ भागिले ३० म्हणजे ०.६ सेकंद. वेग आला ताशी ६०.

तिसऱ्याने विचार केला, एवढं कशाला, सरळ संगणकाचं घड्याळ बघू! गाडी पहिल्या खुणेवर आली तेव्हाची वेळ आणि दुसऱ्या खुणेवरची वेळ, दोन्हींची वजाबाकी. पण लूपची फेरी ५५ मिलिसेकंदांची. १८ फेऱ्यांना लागले ०.९९ सेकंद. वेग ताशी साधारण ३६!

गाडी एक, फाइल एक, फ्रेम्सही त्याच १८. वेग मात्र ३६, ५० आणि ६०. तिघांचाही प्रोग्रॅम न अडखळता चालतो, तिघांच्याही खिडकीत गाडी छान सरकताना दिसते. एक्सटर्नलसमोर तिघांचाही डेमो 'यशस्वी'. पण ३६ चा आकडा अर्जावर गेला तर साहेब म्हणणार, "अहो, एवढ्या वेगाला गतिरोधक कशाला?" आणि पोरं आहेत तशीच जीव मुठीत धरून रस्ता ओलांडणार. ६० चा गेला आणि कुणी उलटतपासणी केली, तर पुढच्या वेळी आपल्या खऱ्या आकड्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

तिसऱ्याची गल्लत नीट समजून घेण्यासारखी आहे. फिल्म घेतानाची वेळ आणि फिल्म दाखवतानाची वेळ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दादासाहेब फाळक्यांना हे शंभर वर्षांपूर्वी पक्कं माहीत होतं. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम करत टिपली होती. घेताना कित्येक दिवस गेले, पडद्यावर मात्र रोप बघता बघता वाढलं! ते बघून कुणी म्हणालं की वाटाणा मिनिटभरात उगवतो, तर आपण हसू. दाखवतानाच्या घड्याळावरून गाडीचा वेग काढणं हे त्याच जातीचं आहे.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, फ्रेमदर गृहीत धरू नका, फाइललाच विचारा. गेट या फंक्शनने एफपीएस ही माहिती मिळते. ती २५ असेल, ३० असेल किंवा २९.९७ असेल. (हा विचित्र आकडा अमेरिकन टीव्हीच्या पद्धतीतून आलेला, ३०००० भागिले १००१.) कधी कधी उत्तर ० येतं, म्हणजे पाठीमागच्या यंत्रणेला सांगता आलेलं नाही. त्यामुळे १००० ला या आकड्याने भागण्याआधी तो शून्य नाही ना हे बघा.

दुसरी गोष्ट, मोबाइलवर घेतलेली शूटिंग. बरेच मोबाइल फ्रेमदर बदलता ठेवतात, प्रकाश कमी झाला की सेकंदाला कमी फ्रेम्स घेतात. मग फाइलने सांगितलेला एफपीएस हा सरासरी आकडा ठरतो आणि संध्याकाळच्या गाड्यांचा वेग चुकतो. अशा वेळी फ्रेम्स मोजण्याऐवजी गेटकडूनच त्या फ्रेमची फाइलमधली वेळ मिलिसेकंदांत मागावी आणि दोन खुणांवरच्या वेळांची वजाबाकी करावी.

तिसरी गोष्ट, उड्या मारू नका. सेट वापरून अमुक क्रमांकाच्या फ्रेमवर जाता येतं खरं, पण कॉम्प्रेस केलेल्या फाइलमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते. काही फ्रेम्स पूर्ण चित्राच्या असतात, मधल्या फ्रेम्समध्ये फक्त आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदललं एवढंच लिहिलेलं असतं. त्यामुळे उडी कधी कधी एक-दोन फ्रेम्स इकडेतिकडे पडते. बघण्यासाठी ठीक, मोजण्यासाठी नाही. मोजताना सुरुवातीपासून ओळीने वाचा. 'एकूण फ्रेम्स किती' हा गेटचा आकडाही बऱ्याचदा अंदाजे असतो, त्यावर लूप बांधू नका. रीडला फ्रेम मिळेनाशी झाली की थांबा. मात्र फाइल मध्येच खराब असली तरी रीड असाच 'नाही' म्हणतो. तेव्हा वाचलेल्या फ्रेम्सचा आकडा शेवटी छापा आणि अपेक्षेच्या जवळपास आहे ना हे बघा.

चौथी गोष्ट, डेमोसाठी व्हिडिओ खऱ्या वेगाने दाखवायचा असेल तर ठरावीक ४० थांबू नका. सुरुवातीची वेळ टिपून ठेवा. शंभरावी फ्रेम सुरुवातीपासून ४ सेकंदांनी दिसायला हवी. अजून वेळ असेल तर उरलेला वेळच थांबा. उशीर झाला असेल तर ग्रॅबने एखादी फ्रेम नुसती पुढे ढकला, दाखवू नका. रीड म्हणजे खरं तर ग्रॅब आणि रिट्रीव्ह यांची जोडी. ग्रॅब फ्रेम पुढे सरकवतं, रिट्रीव्ह ती चित्र म्हणून हातात देतं. मोजणी करताना मात्र एकही फ्रेम गाळायची नाही. तिथे लूप हवा तेवढा हळू चालू दे, घाई कुणाला आहे?

पाचवी गोष्ट, स्वतःची परीक्षा घ्या. यासाठी एक पैसाही लागत नाही. चालू स्टॉपवॉचचं एक मिनिट शूटिंग करा, गाड्यांना वापरणार त्याच कॅमेऱ्याने. स्टॉपवॉच ० दाखवतंय ती फ्रेम आणि ६० दाखवतंय ती फ्रेम, या दोन्हींची वेळ तुमच्या प्रोग्रॅमला विचारा. फरक ६० सेकंदांच्या आसपास आला तर पुढे जा. ५० किंवा ८० आला तर गच्चीवर जायची घाई करू नका.

आणि उत्तर आल्यावर त्याच्यासोबत चूकही लिहा. आपल्या उदाहरणात गाडीने खूण नेमकी कुठल्या फ्रेमला ओलांडली यात एका फ्रेमची गफलत सहज होते. १८ ऐवजी १७ धरल्या तर वेग येतो ५३, १९ धरल्या तर ४७. म्हणजे प्रामाणिक उत्तर 'ताशी ५०, तीनएक किलोमीटर इकडेतिकडे' असं आहे. ही चूक कमी करायची असेल तर खुणांमधलं अंतर वाढवा. २० मीटर घेतलं तर त्याच गाडीला ३६ फ्रेम्स लागतील आणि एका फ्रेमच्या गफलतीचा फटका साधारण निम्मा होईल. अमुक दशांश स्थळांपर्यंत वेग छापणाऱ्या रिपोर्टपेक्षा ही एक ओळ एक्सटर्नलला जास्त पटते आणि अर्ज वाचणाऱ्या साहेबांनाही.

थोडक्यात, फाइल उघडली का ते विचारा, फ्रेम मिळाली का ते विचारा, रंगायला वेटकीची सवड द्या आणि वेळ नेहमी फाइलकडून घ्या, लूपकडून नाही. आजच रात्री करून बघायचं असेल तर स्टॉपवॉचपासून सुरुवात करा. रूम पार्टनरचा मोबाइल स्टॉपवॉच म्हणून, आपला कॅमेरा म्हणून, आणि मेसची वेळ व्हायच्या आत उत्तर हातात!